दूरचित्रवाणीचा परवाना आणि दारावरची थाप

साठीच्या आसपास पोहोचलेल्या वाचकांना एक लहानसे पुस्तक आठवत असेल. घरात रेडिओ आला की पाठोपाठ ते पुस्तकही येई. दरवर्षी ते घेऊन पोस्टात जायचे, खिडकीपाशी उभे राहायचे, १५ रुपये मोजायचे आणि पुस्तकाच्या पानावर परवानाशुल्काचे तिकीट लावून त्यावर शिक्का उमटवून घ्यायचा. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. त्यानंतर ज्यांच्या घरी संच आला त्यांच्या वाट्याला ५० रुपयांचा परवाना आला. टपाल व तार खात्याच्या निरीक्षकाला घरोघरी, दुकानोदुकानी हे पुस्तक तपासण्याचा अधिकार होता. पुस्तक नसले तर दंड होई आणि प्रसंगी संचही जप्त होई. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सरकारने ही पद्धत बंद केली. आजच्या तरुणांना रेडिओ ऐकण्यासाठी सरकारचा परवाना लागत असे, हे सांगितले तर ते थट्टा समजतात.

ज्या देशाकडून आपण ही पद्धत घेतली, त्या ब्रिटनमध्ये मात्र ती अजून जिवंत आहे. १ एप्रिल २०२५ पासून तेथील रंगीत दूरचित्रवाणीचा वार्षिक परवाना १७४ पौंड ५० पेन्सचा झाला. काळ्या-पांढऱ्या संचासाठी वेगळा स्वस्त परवाना आजवर टिकून राहिला, ही त्यातली एक गंमत. रक्कम तशी थोडी नाही. तरीही तेथील सामान्य माणसाच्या मनात या परवान्याबद्दल जी चीड साठली आहे ती केवळ पैशांमुळे नाही. विजेचे बिल थकले तर वीज तोडतात, पाण्याचे थकले तर कंपनी वसुलीसाठी दिवाणी दावा लावते. दूरचित्रवाणीचे शुल्क न भरता प्रक्षेपण पाहणारा मात्र फौजदारी न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहतो. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायला दूरचित्रवाणीचा जन्मही झाला नव्हता, त्या काळात जावे लागते.

१९०४ साली ब्रिटिश संसदेने बिनतारी तारायंत्राचा कायदा केला. मार्कोनीचे यंत्र तेव्हा नवे होते, ते मुख्यतः जहाजांवर वापरले जाई, आणि शत्रूच्या हाती ते लागू नये ही सरकारची खरी चिंता होती. म्हणून पोस्टमास्तर जनरलच्या परवानगीवाचून असे यंत्र बसवणे किंवा चालवणे हा गुन्हा ठरला. नभोवाणी, संगीत, बातम्या यांचा त्यात विचारही नव्हता. १९२२ मध्ये ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी स्थापन झाली तेव्हा तिला पैसे कोठून द्यावेत हा प्रश्न उभा राहिला आणि सरकारने हाताशी असलेले हत्यार उचलले. १ नोव्हेंबर १९२२ पासून रेडिओ ऐकणाऱ्याने टपाल कचेरीतून १० शिलिंगांचा परवाना घ्यावा आणि त्यातील अर्धी रक्कम कंपनीला मिळावी, असे ठरले. अशा रीतीने संरक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या खांद्यावर करमणुकीची वर्गणी येऊन बसली. खांदा फौजदारी होता. वर्गणीनेही तोच स्वभाव उचलला.

लोक पहिल्या दिवसापासूनच पळवाटा शोधू लागले. घरी तारा गुंडाळून स्वतः संच तयार करणारे पुष्कळ होते. त्यांनी आपण ‘प्रयोगकर्ते’ असल्याचे सांगून प्रयोगाच्या परवान्यासाठी अर्ज केले. खात्यापुढे इतके अर्ज साचले की इंग्लंडात एवढे शास्त्रज्ञ आहेत हे पाहून अधिकारी चकित झाले असावेत. १९२३ मध्ये साइक्स समितीपुढे हा घोळ आला आणि शेवटी सर्वांसाठी सोपे परवाने काढावे लागले. नुसते ऐकणारे यंत्रही १९०४ च्या कायद्याखाली येते की नाही, याबद्दलही शंका होती. ती दूर करण्यासाठी १९२५ साली संसदेला मूळ कायद्याचे ‘स्पष्टीकरण’ करणारा दुसरा कायदा करावा लागला. ज्या गुन्ह्यासाठी लोकांना न्यायालयात नेले जात होते, तो गुन्हा आहे की नाही हे सांगण्यासाठी नवा कायदा लागावा, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

हीच वाट पुढे आपल्याकडे आली. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. परवाना १० रुपयांचा होता आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळायचा होता. परंतु परवाने काही हजारांच्या पुढे गेलेच नाहीत. विनापरवाना ऐकणारे पुष्कळ होते, त्यांना रोखण्याजोगा कायदा मात्र अपुरा होता. तीन वर्षांच्या आत, १९३० साली, कंपनीचे दिवाळे वाजले. सरकारने धडा घेतला तो आपल्या पद्धतीने. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्यावाचून संच नुसता जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. तो चालू आहे की बंद, बिघडलेला आहे की माळ्यावर पडला आहे, याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते. त्यातले एक कलम तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. संच ज्या जागेत सापडेल त्या जागेवर ज्याचा ताबा, त्याच्याच ताब्यात तो संच आहे असे न्यायालयाने गृहीत धरले तरी चालेल, असे ते कलम म्हणते. घरच्या माणसाने आपले निर्दोषपण सिद्ध करावे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात हा १९३३ चा कायदा रद्द करण्याची तरतूद झाली. म्हणजे परवाना गेल्यावरही त्याची सावली जवळजवळ चाळीस वर्षे कायद्याच्या पुस्तकात रेंगाळली.

आता पुन्हा ब्रिटनकडे वळू. युद्ध संपल्यावर जून १९४६ मध्ये दूरचित्रवाणी पुन्हा सुरू झाली आणि २ पौंडांचा स्वतंत्र परवाना आला. त्यात रेडिओचाही समावेश होता. पहिल्या वर्षी परवानाधारक मूठभर होते. २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला त्या सुमारास त्यांची संख्या २० लाखांच्या वर गेली होती. त्याच काळात टपालखात्याने एक नवे अस्त्र बाहेर काढले. १९५२ मध्ये छतावर भलेमोठे वेटोळे बसवलेल्या गाड्या रस्त्यांवरून फिरू लागल्या. चालू संचाच्या आतील विद्युतमंडलातून निघणाऱ्या लहरी टिपून कोणत्या घरात दूरचित्रवाणी चालली आहे हे त्या ओळखतात, असे जाहीर करण्यात आले. जुन्या संचांच्या बाबतीत त्यात शास्त्रीय तथ्य होतेही. परंतु गाडीचा खरा उपयोग ती दिसण्यात होता. गल्लीत गाडी आली की पोस्टापुढे रांग लागे. गाडीने टिपलेला पुरावा झडतीचे वॉरंट मिळवण्यासाठी वापरला जातो, खटल्यात तो मांडला जात नाही, असे बीबीसीने अलीकडच्या काळात सांगितले आहे. १९६७ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. संच विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचे नाव व पत्ता अधिकाऱ्यांना कळवला पाहिजे, अशी सक्ती झाली. ती २०१३ पर्यंत टिकली. रेडिओचा परवाना १ फेब्रुवारी १९७१ रोजी रद्द झाला. दूरचित्रवाणीचा राहिला.

या दीर्घ इतिहासात नागरिकाने सरकारला न्यायालयात खेचून हरवल्याचा एक प्रसंग आहे. तो मला विशेष प्रिय आहे, म्हणून थोडा विस्ताराने सांगतो.

जानेवारी १९७५ मध्ये गृहमंत्री रॉय जेंकिन्स यांनी जाहीर केले की १ एप्रिलपासून रंगीत दूरचित्रवाणीचा परवाना १२ ऐवजी १८ पौंडांचा होईल. भाव वाढण्याआधी माल भरून ठेवावा हे कोणत्याही गृहिणीला कळते. ज्यांचा परवाना मार्चअखेर संपत होता अशा अनेकांनी मार्चमध्येच पोस्टात जाऊन १२ पौंड भरले आणि नवा परवाना घेतला. अँड्र्यू काँग्रीव्ह नावाच्या एका सॉलिसिटरनेही २६ मार्चला तसेच केले. अशा लोकांना आधी परवाना देऊ नये, अशी सूचना गृहखात्याने पोस्टांना दिली होती. मात्र ती जनतेला कळवलेली नव्हती आणि खिडकीवरच्या कारकुनांनी पैसे घेऊन रीतसर परवाने दिले. असे साडेचोवीस हजारांच्या आसपास लोक निघाले. गृहखात्याने त्यांना पत्रे धाडली. उरलेले ६ पौंड भरा, नाहीतर परवाना रद्द करू, म्हणजे तुमच्या घरचा संच बेकायदा ठरेल आणि तुम्ही खटल्यास पात्र व्हाल. पुढे आणखी एक हिशेब मांडला गेला. १२ पौंड म्हणजे १८ पौंडांच्या दराने आठ महिन्यांचे पैसे, तेव्हा आठ महिन्यांनी तुमचा परवाना संपला असे समजू.

बहुतेकांनी घाबरून पैसे भरले असतील. काँग्रीव्ह यांनी दावा लावला. खालच्या न्यायालयात ते हरले. ४ डिसेंबर १९७५ रोजी अपील न्यायालयाने मात्र त्यांच्या बाजूने निकाल दिला. लॉर्ड डेनिंग यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: नागरिकाने त्या दिवशी असलेले पूर्ण शुल्क भरून कायदेशीर परवाना घेतला आहे. मंत्र्याला परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे, पण तो पैसे उकळण्यासाठी धमकी म्हणून वापरता येणार नाही. संसदेच्या संमतीवाचून राजसत्तेने प्रजेकडून पैसा वसूल करू नये, हे १६८९ च्या हक्कांच्या सनदेत लिहून ठेवले आहे. सहा पौंडांच्या वादात तीनशे वर्षांपूर्वीची सनद उघडली गेली! सुनावणीच्या वेळी गृहखात्याच्या वकिलांनी असे सुचवले होते की न्यायालयाने येथे हस्तक्षेप केला तर लवकरच न्यायालयाच्या अधिकारांबद्दलच प्रश्न विचारले जातील. त्यावर डेनिंग यांनी निकालपत्रात शेरा मारला. हे बोलणे गंभीरपणे केलेले नसावे, वकील म्हणून मिळालेल्या परवान्याचा तो वापर असावा, अशी आम्ही आशा करतो. परवान्याच्या खटल्यात परवान्यावरचा हा श्लेष वकिलांच्या वर्तुळात अजून सांगितला जातो.

दुसरा प्रसंग वेल्सचा आहे, आणि आपल्या बोलीला जपणाऱ्या कोणालाही तो जवळचा वाटेल. वेल्श ही इंग्रजीहून अगदी वेगळी, प्राचीन भाषा. विसाव्या शतकात तिचे बोलणारे घटत गेले आणि दिवाणखान्यात बसून सतत इंग्रजी बोलणारी पेटी हे त्याचे एक कारण आहे, असे भाषाप्रेमींना वाटू लागले. जी पेटी आपल्या मुलांची भाषा हिरावून घेते तिच्यासाठी आपण पैसे का भरावेत? १९७० च्या दशकात वेल्श भाषा संस्थेच्या कार्यकर्त्यांनी परवाना न काढण्याची चळवळ चालवली, न्यायालयात उभे राहिले, दंड नाकारला आणि काही जण तुरुंगातही गेले. १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाने वेल्श भाषेसाठी वाहिनी देण्याचे वचन दिले होते. सत्तेवर आल्यावर त्याच वर्षी गृहमंत्री विल्यम व्हाइटलॉ यांनी ते फिरवले. तेव्हा प्लाइड कम्री या पक्षाच्या सुमारे दोन हजार लोकांनी प्रतिज्ञा केली की तुरुंगात जाऊ, पण परवाना घेणार नाही. त्या पक्षाचे ज्येष्ठ नेते ग्विनफॉर एव्हान्स यांनी तर ६ ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषणाची घोषणा केली. सप्टेंबर संपण्यापूर्वीच सरकार नमले आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी एस फोर सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली.

लक्षात घ्या, इथे लोकांनी परवान्याच्या फौजदारीपणाचाच उपयोग करून घेतला. वीजबिल न भरून कोणी हुतात्मा होत नाही. दूरचित्रवाणीचे शुल्क न भरून होता येते, कारण सरकारने स्वतःच तशी व्यवस्था करून ठेवली आहे. अर्थात तुरुंगाला न भिणारा कार्यकर्ता वेगळा आणि दोन मुले सांभाळून महिनाअखेर हिशेब जुळवणारी बाई वेगळी. पुढची गोष्ट तिची आहे.

१९९१ पासून परवान्याची वसुली गृहखात्याकडून बीबीसीकडे आली. बीबीसीने ती कंत्राटदारांकडून करून घेतली. २००२ पासून हे काम कॅपिटा या खाजगी कंपनीकडे आहे. वसुलीची मुख्य साधने दोन, पत्र आणि भेट. ज्या पत्त्यावर परवाना नाही तो पत्ता संगणकाच्या यादीत असतो आणि त्या पत्त्यावर पत्रे जात राहतात. पहिले पत्र विनंतीचे, पुढचे समजुतीचे, मग ताकिदीचे. चौकशी सुरू झाली आहे, अधिकारी तुमच्या घरी येणार आहेत, न्यायालयात काय होते ते वाचून ठेवा, अशी त्यांची चढती भाषा. ज्याच्या घरी दूरचित्रवाणीच नाही त्यालाही ती येतात. त्याने तसे कळवले तर काही काळ थांबतात, मग पुन्हा सुरू होतात. कायद्याने त्याच्यावर काहीही कळवण्याचे बंधन नाही, हे त्या पत्रांत ठळक अक्षरांत सापडत नाही. इमानदार माणसाला वर्षानुवर्षे आपण चोर नसल्याची ग्वाही देत राहावी लागते, आणि या साऱ्या व्यवस्थेवरचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

मग दारावर थाप पडते. येणाऱ्या अधिकाऱ्याला वॉरंट नसेल तर घरात शिरण्याचा कोणताही अधिकार नाही. दार लावून घेतले तरी चालते. पण हे किती जणांना ठाऊक असते? गणवेशातला नव्हे, पण ओळखपत्र लावलेला माणूस प्रश्न विचारतो, उत्तरे छापील अर्जावर लिहून घेतो आणि खाली सही मागतो. आतल्या खोलीत संच चालू आहे, मूल रडते आहे, बाई सही करते. त्या सहीचा कबुलीजबाब होतो आणि खटला बहुधा त्या एका कागदावर उभा राहतो. दंडाची कमाल मर्यादा १,००० पौंड आहे. प्रत्यक्षात तो पुष्कळ कमी होतो, पण खर्च आणि अधिभार मिळून गरीब घराला तो जड जातो. दंड न भरल्यास तुरुंग, ही शेवटची पायरी. ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. तिची भीती मात्र सर्वांच्या वाट्याला येते.

२०१७ साली या गुन्ह्यासाठी खटले भरलेल्यांत ७२ टक्के स्त्रिया होत्या. त्या अधिक चुकवेगिरी करतात म्हणून नव्हे. बीबीसीने स्वतः केलेल्या पाहणीत कारणे सांगितली ती अशी: दिवसा दार उघडणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, आणि एकट्या प्रौढ व्यक्तीवर चालणाऱ्या घरांत स्त्रियांची घरे अधिक आहेत. म्हणजे गुन्हा घराचा, आरोपी मात्र दार उघडणारी. २०१९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये स्त्रियांना जितक्या शिक्षा झाल्या त्यांपैकी सुमारे ३० टक्के या एकाच गुन्ह्यासाठी होत्या. २०१५ नंतर असे खटले ‘एकल न्यायाधीश’ पद्धतीने चालू लागले. एक दंडाधिकारी, बंद खोली, समोर कागद, आरोपी हजर नाही. न्यायालयाचा वेळ वाचला, हे खरे. पण आजारी होते, पतीच्या नावाचा परवाना घटस्फोटानंतर संपल्याचे कळले नाही, असे सांगणारी पत्रे त्या कागदांच्या ढिगात किती लक्षपूर्वक वाचली जातात, असा प्रश्न तेथील वृत्तपत्रांनी वारंवार विचारला आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. जाहिरातींवाचून, सरकारच्या तिजोरीकडे हात न पसरता एवढी मोठी संस्था चालवायची तर पैसा श्रोत्या-प्रेक्षकांकडूनच यायला हवा. जगभर ज्या बातम्यांवर आपल्या वाडवडिलांनी विश्वास ठेवला, त्या बीबीसीची स्वायत्तता या शुल्काने राखली, हे नाकारता येणार नाही. आपल्याकडे शुल्क गेले आणि आकाशवाणी-दूरदर्शन सरकारी अनुदान व जाहिराती यांवर विसंबून राहिले. त्याची किंमत आपण कशी मोजली हे १९८० च्या दशकातील बातम्या ऐकलेल्यांना सांगायला नको. शिवाय जो मुकाट्याने भरतो त्याला शेजारचा फुकट पाहतो हे बोचणारच. सरकारने नेमलेल्या डेव्हिड पेरी या ज्येष्ठ वकिलांनी २०१५ मध्ये सर्व बाजू तपासून, सध्या तरी हा गुन्हा फौजदारीच राहावा, असे सुचवले. दिवाणी वसुली लावली तर बेलीफ दारात येतील आणि कर्जाची नोंद वर्षानुवर्षे मागे लागेल, ते गरिबाला याहून वाईट, असाही एक युक्तिवाद आहे. तो अगदीच पोकळ म्हणता येत नाही. परंतु शुल्क आवश्यक आहे म्हणून शंभर वर्षांपूर्वीची परवान्याची चौकटही आवश्यक आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. जर्मनीने २०१३ पासून संच मोजणे सोडून दर घरामागे सरसकट वर्गणी लावली. तिच्याबद्दलही तक्रारी आहेत, पण घरात संच आहे का हे पाहायला दारात कोणाला यावे लागत नाही.

ब्रिटनमध्ये मात्र चौकट रुंदावतच गेली. १ सप्टेंबर २०१६ पासून इंटरनेटवरून बीबीसीचे कार्यक्रम मागाहून पाहण्यासाठीही परवाना आवश्यक झाला. ७५ वर्षांवरील वृद्धांना २००० सालापासून मिळणारी सवलत १ ऑगस्ट २०२० रोजी आखडली. ती केवळ विशिष्ट निवृत्तिवेतन-साहाय्य घेणाऱ्यांपुरती राहिली आणि लाखो म्हाताऱ्या माणसांना आयुष्याच्या उतरणीवर पुन्हा तीच पत्रे येऊ लागली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत सरकारने हा गुन्हा फौजदारी कायद्यातून काढावा का, यावर लोकांची मते मागवली होती. जानेवारी २०२१ मध्ये उत्तर आले की तूर्त बदल नाही, प्रश्न विचाराधीन राहील. बीबीसीची सध्याची राजसनद २०२७ च्या अखेरीपर्यंतची आहे. परवाना राहणार की जाणार हे तिच्यासोबतच ठरेल. तोवर नाव ठाऊक नसलेल्या घरांना जाणाऱ्या पत्रांच्या पाकिटावर माणसाच्या नावाच्या जागी ‘कायदेशीर रहिवासी’ एवढेच छापलेले असते.